वाचक विचारतात : फुप्फुसांत बारीक बारीक गाठी

पत्र पहिले

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ५७. हर्नियाच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढला, त्यात डाग दिसले म्हणून सीटी स्कॅन करायला लावला. रिपोर्टात लिहिलंय की दोन्ही फुप्फुसांत, जास्त करून वरच्या भागात, २ ते ५ मिलिमीटरच्या असंख्य गाठी आहेत. काहींत कॅल्शियम आहे, आणि छातीच्या मधल्या भागातल्या ग्रंथीही वाढल्या आहेत. खाली टीबी, सारकॉइड (फुप्फुसांत आणि ग्रंथींत गाठोळ्या करणारा, संसर्ग नसलेला आजार) आणि कॅन्सरचा प्रसार अशा तीन शक्यता दिल्यात. गावातले डॉक्टर म्हणतात, उगाच वेळ घालवू नका, एकेटी (टीबीची औषधं) सुरू करू. आत्या म्हणते, हा कॅन्सरच. वडिलांना वर्षभर कोरडा खोकला आहे, जिना चढताना दम लागतो. ताप नाही. वजन तीनेक किलो उतरलंय. आईने त्यांना अजून काही सांगू दिलेलं नाही. आम्ही काय करावं? (वडील २४ वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत फेटलिंगला होते. दोन वर्षांपूर्वी काम सोडलं.)
– एक मुलगी, हातकणंगले तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी, कंसात लिहिलीत. सीटी वाचणाऱ्या डॉक्टरांना ती कुणी सांगितलीच नसणार. सांगितली असती तर त्या तीन नावांच्या वर चौथं नाव आलं असतं : सिलिकोसिस, म्हणजे वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार.

पत्र वाचून निदान करता येत नाही आणि मी ते करत नाही. पण कुठल्या दिशेने आधी जायचं ते सांगते.

आधी ‘गाठ’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे गाठ म्हटलं की घरात रडारड सुरू होते. सीटीच्या भाषेत फुप्फुसातला ३ सेंटिमीटरपर्यंतचा कुठलाही गोलसर ठिपका म्हणजे नॉड्यूल. त्यात बऱ्या झालेल्या जुन्या जखमेचा वण येतो, धुळीचा साठा येतो, जंतूंभोवती शरीराने घातलेलं कुंपण येतं आणि कॅन्सरही येतो. २ ते ५ मिलिमीटर म्हणजे बाजरी-ज्वारीचा दाणा. मी पेशंटशी बोलताना ‘दाणे’च म्हणते. गाठ शब्दाने ऐकणाऱ्याचे कान बंद होतात.

दाणे किती आहेत यापेक्षा ते बसलेत कुठे, यावरून जास्त कळतं. सीताफळ डोळ्यांसमोर आणा. आत गऱ्याला गरा चिकटलेला, प्रत्येकाच्या मधोमध बी. फुप्फुसही असंच एक-दोन सेंटिमीटरच्या गऱ्यांचं बनलेलं असतं. बी असते त्या जागी श्वासनळीची बारीक फांदी शिरते, आणि दोन गऱ्यांमधल्या पडद्यातून लसिकावाहिन्या जातात. दाणे बीच्या जागी असतील तर कारण बहुधा श्वासातून आलेलं : पक्ष्यांची धूळ, बिडी-सिगरेट, किंवा नळ्यांतून पसरणारा जंतुसंसर्ग. पडद्यांच्या कडेने रांग लागली असेल तर सारकॉइड किंवा सिलिका. आणि मूठभर बाजरी वरून उधळावी तसे सगळीकडे, कशाचाही विचार न करता पडले असतील, तर ते रक्तातून आले : मिलिअरी टीबी किंवा दुसरीकडच्या कॅन्सरचा प्रसार. ‘मिलिअरी’ हा शब्दही लॅटिनमधल्या अशाच एका बारीक धान्याच्या नावावरून आलाय. ही विभागणी काटेकोर नसते. सिलिकाचे दाणे पडद्यापाशी दिसतात तसे बीच्या जागीही दिसतात. पण तुमच्या रिपोर्टात दाणे गऱ्याच्या कुठल्या भागात आहेत याचा उल्लेख नाही. सीटीची सीडी घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना रेडिऑलॉजिस्टशी बोलायला सांगा. नुसता छापील कागद नेऊ नका.

आता फेटलिंग. कोल्हापूर भागातल्या वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी लिहिते. साच्यातून कास्टिंग बाहेर निघतं तेव्हा त्याला जळकी वाळू चिकटलेली असते आणि कडेला धातूचे फाजील काठ असतात. ते छिन्नीने, ग्राइंडरने काढायचे, म्हणजे फेटलिंग. वाळू सिलिकाची. डोळ्यांना दिसते ती ठिणगी आणि जाडी धूळ. ती नाकात, घशात अडकते आणि शिंकरून, खाकरून निघून जाते. घात करते ती न दिसणारी, ४-५ मायक्रॉनच्या आतली. ती थेट वायुकोशांपर्यंत पोचते. तिथल्या भक्षक पेशी ती गिळतात, पण सिलिका पचत नाही, उलट पेशीच मरते. दुसरी येते, तीही मरते. त्या जागी कांद्यासारखा थरावर थर चढत कठीण दाणा तयार होतो. ग्रंथी वाढतात आणि कधीकधी त्यांच्याभोवती अंड्याच्या कवचासारखं कॅल्शियम चढतं. हे सहसा दहा-पंधरा वर्षांच्या कामानंतर दिसतं आणि वरच्या भागात जास्त असतं. तोंडाला रुमाल बांधल्याने ही धूळ अडत नाही. तुमचे वडील रुमालच बांधत असणार, बहुतेक जण तेच करत.

हे मी एवढं का सांगते? १९९६ साली मिरजेत प्रॅक्टिस सुरू करून मला तीन वर्षं झाली होती. पस्तिशीचा एक माणूस खोकला आणि दम घेऊन आला. एक्स-रेत दोन्हीकडे बारीक दाणे. बेडक्यात जंतू सापडले नाहीत, तरी मी टीबी धरून औषधं दिली. सहा महिने, मग आणखी तीन. फिल्म जशीच्या तशी. नवव्या महिन्यात त्याची बायको सोबत आली होती. ती म्हणाली, “बाई, ह्यांचा शर्ट भिजत घातला की बादलीच्या तळाला वाळू बसते.” तोवर मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की तू नेमकं काय काम करतोस. केस पेपरवर ‘नोकरी’ असं एका शब्दात लिहून मोकळी झाले होते. तो वाळूचा झोत मारून लोखंड साफ करायच्या कामाला होता. आणि ते नऊ महिने, माझ्या गोळ्या खात, तो रोज त्याच खोलीत उभा राहत होता. ते मला आजही बोचतं. तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या माणसाला नाव विचारल्यावर दुसरा प्रश्न कामाचाच असतो. आताचं, आधीचं, अगदी सुट्टीत केलेलंसुद्धा.

म्हणून मग टीबी नाहीच का? असं मुळीच नाही, आणि इथेच गोम आहे. सिलिकाने त्या भक्षक पेशी कमजोर केलेल्या असतात, आणि टीबीच्या जंतूला अडवणाऱ्याही त्याच. म्हणून सिलिकोसिसच्या माणसाला टीबी इतरांपेक्षा सहज होतो. दोन्ही एकत्र असू शकतात. वडिलांचं वजन उतरलंय, त्यामुळे ही तपासणी याच आठवड्यात व्हायला हवी. सरकारी दवाखान्यात बेडक्याची सीबीनॅट तपासणी (टीबीचा जंतू नेमका शोधणारी) मोफत होते. फक्त बेडका बेडकाच असू दे. नव्वद टक्के काम इथे बिघडतं, कारण लोक डबीत थुंकी देतात. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, उघड्यावर जायचं, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे, छातीतून खोकायचं आणि जे घट्ट येईल ते डबीत. कोरडा खोकला असेल तर मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका काढता येतो, तसं सांगा. मँटूवर (टीबीसाठी हातावर टोचून करतात त्या चाचणीवर) विसंबू नका. आपल्या देशात कितीतरी धडधाकट माणसांची मँटू पॉझिटिव्ह येते. जंतू कधीतरी शरीरात शिरला होता एवढंच त्यावरून कळतं, आज आजार आहे असं नाही.

तुमच्या डॉक्टरांच्या घाईमागे चांगला हेतू आहे, हेही मला दिसतं. मिलिअरी टीबी खरोखर थांबत नाही. ताप, रात्रीचा घाम, झपाट्याने उतरणारं वजन आणि उधळलेले दाणे असं चित्र असेल, किंवा डोकं दुखून उलट्या होत असतील, माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर बेडका निगेटिव्ह आला तरी मीसुद्धा त्याच दिवशी औषध सुरू करते. त्यात जंतू रक्तातून पसरलेले असतात, बेडक्यात बऱ्याचदा सापडतच नाहीत. अशा वेळी डोळ्याचा पडदा तपासून घेतला तर कधीकधी तिथे टीबीचे फिकट ठिपके दिसतात. पण वर्षभराचा खोकला, ताप नाही, दाण्यांत कॅल्शियम बसलेलं, म्हणजे हा आजार जुना आणि सावकाश चाललेला आहे. इथे दोन-तीन आठवडे नीट तपासायला वेळ आहे. न तपासता सुरू केलेल्या एकेटीने यकृताला त्रास होऊ शकतो, आणि पुढे काय कशामुळे झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

सारकॉइडबद्दल थोडक्यात. त्यातही मधल्या ग्रंथी वाढतात, दाणे येतात, आणि तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर टीबीसारख्याच गाठोळ्या दिसतात, फक्त मधला भाग सहसा चीजसारखा सडलेला नसतो. सीटीवर सिलिकोसिस आणि सारकॉइड हुबेहूब एकसारखे दिसू शकतात. बेडक्याने उलगडा झाला नाही तर दुर्बिणीने ग्रंथीतून सुईने नमुना घेतात. ते करायचं की नाही हे तुमच्या छातीच्या डॉक्टरांनी ठरवावं. पण जुने एक्स-रे आणि कामाची हकीकत जुळली तर कित्येकदा सुईची गरजच पडत नाही.

आत्याबाईंना काय सांगायचं? कॅन्सर पसरून आलेले दाणे बहुतेक वेळा लहानमोठे, वेगवेगळ्या मापाचे असतात, फुप्फुसाच्या खालच्या भागात जास्त असतात, कारण रक्त तिकडे जास्त जातं. आणि ते महिन्यामहिन्याने वाढतात. वडिलांच्या रिपोर्टातलं वर्णन याच्याशी फारसं जुळत नाही. तरी मूत्रपिंड, थायरॉइड, मोठं आतडं यांची चौकशी, अंगभर हात लावून तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. पेट स्कॅनसाठी लगेच पैसे खर्चू नका. ८ मिलिमीटरच्या आतले दाणे त्यावर भरवशाने कळत नाहीत. टीबी, सारकॉइड आणि सिलिकोसिससुद्धा त्यावर चमकतात, मग कॅन्सरची भीती विनाकारण दुप्पट होते.

सगळ्यात उपयोगी तपासणी फुकट आहे : जुना एक्स-रे. कामावर घेताना काढलेला, ईएसआयच्या दवाखान्यातला, कधी पडले होते तेव्हाचा. पत्र्याची ट्रंक, कपाटावरचं बोचकं, गादीखाली, सगळीकडे शोधा. गुंडाळी होऊन एकमेकीला चिकटलेल्या फिल्म ओढून सोडवू नका, तशाच आणा. मागे एका बाईंनी नवऱ्याची अकरा वर्षांपूर्वीची फिल्म आणली होती, तिच्यात पिठाची चाळणी गुंडाळून ठेवलेली. दिव्यासमोर धरली तर आजचेच दाणे, त्याच जागी, तेवढेच. अकरा वर्षं जे हललं नाही ते कॅन्सर नव्हे. त्या दिवशी त्यांच्या बायोप्सीची तारीख आम्ही रद्द केली.

पुढे दुसरा सीटी झाला तर मापांकडे शांतपणे बघा. ४ चे ५ मिलिमीटर झाले तर गोळ्याचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं, हे खरं. पण एवढ्या बारीक ठिपक्यात एक मिलिमीटर ही मोजण्यातलीही चूक असते. म्हणून दोन मिलिमीटर किंवा जास्त फरक पडला तरच आम्ही वाढ धरतो, आणि शक्यतो त्याच मशीनवर स्कॅन करायला सांगतो.

सिलिकोसिस निघालाच तर बसलेली सिलिका काढणारं औषध नाही, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. पण करण्यासारखं पुष्कळ आहे : धुळीपासून कायमचं लांब राहणं (त्यांनी काम सोडलंय, फार चांगलं झालं. घरी फरशीकाम निघालं तर तिथेही उभं राहू देऊ नका), बिडी असेल तर बंद, फुंकण्याच्या तपासणीवर (स्पायरोमेट्री, फुप्फुसांची ताकद मोजणारी) दरवर्षी लक्ष, फ्लू आणि न्यूमोनियाची लस, आणि खोकला बदलला, ताप आला की टीबीसाठी पुन्हा बेडका. हर्नियाचं ऑपरेशन फुंकण्याची तपासणी पाहून, भूलतज्ज्ञांना सगळं सांगून करावं. आणखी एक. सिलिकोसिस हा कळवणं कायद्याने बंधनकारक असलेला व्यावसायिक आजार आहे, त्याची भरपाई मागता येते. ईएसआयचा नंबर, पीएफच्या पावत्या, हजेरीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, ठेकेदाराकडे कामाला असतील तर सोबतच्या कामगारांची नावं, सगळं एका पिशवीत गोळा करा. डॉक्टरांकडून निदान लिहून घेताना कामाचं स्वरूप आणि वर्षं त्यातच लिहून घ्या. माझ्याकडे येणारे निम्मे कामगार हा कागद नसल्यामुळे रिकाम्या हाताने परत गेलेत.

आणि वडिलांना सांगा, आजच. २४ वर्षं तिथे काय उडत होतं हे घरात फक्त त्यांनाच माहीत आहे. शेजारच्या ग्राइंडरवरचा माणूस आता कसा आहे, कुणाला असाच खोकला आहे, हे तेच सांगू शकतात. त्यांच्यापासून लपवलंत तर डॉक्टरांना निम्मी हकीकत मिळणारच नाही.

पत्र दुसरे

प्रश्न : मी ३६ वर्षांची, डोंबिवलीत राहते. चार महिने खोकला, संध्याकाळी कणकण. सीटीत ‘पुसट, धुरकट बारीक दाणे, दोन्हीकडे’ आले. टीबीच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. एसीच्या मागे कबुतरं घरटं करतात, दर रविवारी मी गॅलरी झाडते. याचा संबंध असेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दाट शक्यता आहे. सीताफळातल्या बीच्या जागचे पुसट दाणे ही कबुतराच्या विष्ठेतल्या आणि पिसांच्या भुकटीतल्या प्रथिनांना फुप्फुसाने दिलेली प्रतिक्रिया असू शकते. आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली तेव्हा श्रद्धा आणि आरोग्य यावरून खूप वाद झाला. मी पक्ष्यांच्या विरोधात नाही, पण या आजाराने फुप्फुसं वाळून गेलेली माणसं मी पाहिलीत. घट्ट, पांढरे व्रण एकदा पडले की ते जात नाहीत.

रविवारी झाडल्यावर चार-सहा तासांनी कणकण येते का, हे आठवून बघा. मग दोन-तीन आठवडे माहेरी किंवा कुठेही कबुतरं नसलेल्या घरी जाऊन राहा आणि फरक लिहून ठेवा. डॉक्टरांना ती चिठ्ठी फार उपयोगी पडते. मधल्या काळात घरातल्या दुसऱ्या कुणीतरी चांगला मास्क लावून, आधी पाणी मारून, ओलं करूनच गॅलरी साफ करावी. कोरडी झाडू नये. मग जाळी बसवून घ्या. उशा-रजईत पिसं आहेत का तेही बघा. स्टेरॉइड लागेल की नाही हे छातीचे डॉक्टर ठरवतील, पण कबुतरं तिथेच ठेवून घेतलेलं स्टेरॉइड म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

हाच प्रश्न विदर्भातून आला असता तर मी आधी साध्या रक्ततपासणीतला इओसिनोफिलचा (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) आकडा विचारला असता. हत्तीरोगाच्या भागात रात्रीचा खोकला, दम्यासारखी धाप आणि बारीक दाणे यांचं कारण कधीकधी फायलेरियाच्या अळ्यांना शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. त्यात हा आकडा ३००० च्या वर जातो आणि तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी माणूस बरा होतो. त्याला दम्याचे पंप देत वर्षं काढू नयेत.

पत्र तिसरे

प्रश्न : वय ६४, निवृत्त शिक्षक. कधी बिडी ओढली नाही. हृदयाच्या सीटीत फुप्फुसांत ३-४ मिलिमीटरचे चार दाणे सापडले. एक ‘फटीला लागून, त्रिकोणी’ असं लिहिलंय, दोन पूर्ण कॅल्शियमचे. त्रास काही नाही. दर तीन महिन्यांनी सीटी करावा लागेल का? आणि रोज सकाळी रत्नदुर्गाची चढण चढतो, ते थांबवू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : गुरुजी, फुप्फुसाच्या दोन भागांमधल्या फटीला लागून असलेला त्रिकोणी ठिपका ही बहुधा आतली साधी लसिकाग्रंथी असते, निरोगी माणसांतही दिसणारी. पूर्ण कॅल्शियमचे दाणे म्हणजे बऱ्या झालेल्या जुन्या संसर्गाचे वण. लहानपणीच्या टीबीच्या संसर्गाचे असतील, किंवा मोठेपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर त्याचेही. फ्लायश्नर सोसायटी या छातीच्या रेडिऑलॉजीतल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनाप्रमाणे, ६ मिलिमीटरच्या आतले घट्ट दाणे अनेक असले तरी, कॅन्सरचा धोका कमी असलेल्या माणसाला ठराविक काळाने सीटी करत राहायची गरज नसते. पूर्वी कुठला कॅन्सर झालेला असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा वय ३५ च्या आत असेल, तर हा नियम लागू नाही. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही. असेल तर मला पुन्हा लिहा. नसेल तर दर तीन महिन्यांचा सीटी नको. ही सीडी मात्र नाव-तारीख घालून जपून ठेवा.

चढण रोजच्यासारखी चढा.